मदतनिधीसाठी लिलाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थेच्या मदतीसाठी लिलाव करू पाहणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने दिले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मदतनिधीसाठीचा लिलाव नेहमीच्या लिलावाहून वेगळा कसा?

नेहमीच्या लिलावात घेणाऱ्याला वस्तू स्वस्तात हवी असते आणि विकणाऱ्याला ती महाग विकायची असते. मदतनिधीच्या लिलावात मात्र घेणाराही मनातून विकणाऱ्याच्याच बाजूचा असतो; दोन पैसे जास्त गेले तरी ते सत्कारणी लागणार, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे बोली आपोआप चढत जाईल असे वाटते, पण मेख येथेच आहे. वस्तू दुसऱ्याने नेली तरी पैसे संस्थेलाच मिळतात, म्हणून हरल्याची फारशी हळहळ वाटत नाही आणि माणूस लवकर थांबतो. लिलावांचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी हे गणिताने मांडले आहे. ज्या पद्धतीत जिंकणारा एकटाच नव्हे, तर भाग घेणारा प्रत्येक जण काही ना काही देतो, ती पद्धत अशा कामाला अधिक फळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रश्न १२ मधील थेट देणगीचा पुकारा याच तत्त्वाच्या जवळ जातो.

२. आमच्या संस्थेने लिलाव करावा की नाही, हे कशावरून ठरवायचे?

वस्तूंवरून नव्हे, माणसांवरून. प्रत्येक वस्तूसाठी, ती मनापासून हवी असलेली आणि परवडणारी किमान दोन माणसे सभागृहात असावी लागतात. एकच असेल तर वस्तू सुरुवातीच्या बोलीलाच सुटते, मग ती कितीही मौल्यवान असो. म्हणून पहिल्या बैठकीत वस्तूंच्या यादीआधी निमंत्रितांची यादी पुढे घ्यावी आणि मिळू शकणाऱ्या प्रत्येक मोठ्या वस्तूसमोर दोन नावे लिहून पाहावीत : ही कोण घेईल, आणि त्याच्याशी चढाओढ कोण करील. दुसरे नाव सुचत नसेल, तर आधी पाहुण्यांची यादी वाढवावी, वस्तूंचे पुढे पाहता येईल. हा साधा सराव बहुतेक समित्या टाळतात, कारण वस्तू मागणे सोपे असते आणि माणसांच्या ऐपतीविषयी उघडपणे बोलणे अवघड.

संस्थेचे पाठीराखे मुख्यतः लहान रकमा नियमितपणे देणारे असतील, तर लिलावाचा खटाटोप करू नये. त्यात त्यांना केवळ प्रेक्षक होऊन बसावे लागते.

३. आवाजी लिलाव, मूक लिलाव आणि ऑनलाइन लिलाव यांपैकी कोणता निवडावा?

आवाजी लिलावात पुकारणारा माणूस समोर उभा राहून बोली चढवत नेतो. थोड्या, मोठ्या आणि एका वाक्यात समजणाऱ्या वस्तूंसाठी हा प्रकार उत्तम. मूक लिलावात वस्तू टेबलांवर मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीपुढे एक बोलीपत्रक असते. पाहुणे फिरता फिरता नोंदणीत मिळालेला आपला क्रमांक आणि रक्कम लिहितात. मध्यम किमतीच्या, संख्येने जास्त असलेल्या वस्तू येथे शोभतात. ऑनलाइन लिलाव अनेक दिवस चालू ठेवता येतो आणि गैरहजर माणसांनाही त्यात घेता येते, मात्र शेजारच्याने हात वर केल्यावर जी ईर्ष्या जागते, ती पडद्यावर जागत नाही. बहुतेक कार्यक्रमांना आधी मूक आणि मग आवाजी अशी जोडी मानवते.

अधूनमधून कोणीतरी अधिक शास्त्रशुद्ध पद्धती सुचवतो. त्यांतील एक म्हणजे बंद लिफाफ्यातील बोली, जिच्यात सर्वांत मोठी बोली जिंकते, पण जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच रक्कम देतो. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये तिचे विश्लेषण केले आणि १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळाले (नावाचा योगायोग मराठी वाचकाच्या लक्षात येईलच). पद्धत देखणी आहे, पण जो आनंदाने जास्त द्यायला तयार आहे त्याच्याकडून कमी घेण्याचे कारण पाहुण्यांना समजावून सांगण्यातच संध्याकाळ जाईल.

४. एकूण किती वस्तू ठेवाव्यात?

समितीला वाटते त्याहून कमी. आवाजी लिलावात एका वस्तूला साधारण दोन ते तीन मिनिटे लागतात; ८ ते १२ वस्तूंनंतर सभागृहातली कुजबुज पुकारणाऱ्याच्या आवाजावर मात करू लागते. मूक लिलावासाठी डोकी न मोजता खिसे मोजावेत : दोनशे पाहुणे म्हणजे बहुधा शंभर जोडपी किंवा कुटुंबे, म्हणजेच शंभर खरेदीदार. त्यांच्यासाठी पन्नासाहून अधिक वस्तू मांडल्या की दोन माणसे एकाच पत्रकापाशी भेटण्याची शक्यता घटते, आणि प्रश्न २ मधील अट मोडते. मूळच्या तीस छोट्या वस्तूंचे दहा नेटके संच केले, तर उत्पन्न सहसा वाढते.

५. तयारी किती आधी सुरू करावी?

सहा ते नऊ महिने आधी. दिवस, जागा आणि पुकारणारा माणूस प्रथम ठरवावा. वस्तूंची मागणी शेवटचे दोन महिने वगळून संपवावी, कारण वर्णने लिहिणे, छायाचित्रे काढणे आणि सूची छापणे यांत हे दोन महिने कुठे जातात ते कळत नाही.

६. कोणत्या वस्तूंना चांगली बोली लागते?

दुकानात जाऊन विकत घेता येत नाही अशा वस्तूंना. बाजारात मिळणाऱ्या वस्तूची किंमत प्रत्येकाला माहीत असते किंवा फोनवर क्षणात सापडते, आणि बोली त्या आकड्यापाशी येऊन अडते. ज्या गोष्टीला बाजारभावच नाही, तिला अशी अडकाठी नसते.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्यासोबत जेवण्याची संधी. सॅन फ्रान्सिस्कोतील ग्लाइड या संस्थेसाठी २००० साली तिचा पहिला लिलाव झाला, तेव्हा ती २५,००० डॉलरना गेली. २०२२ मधील लिलावात तिला १ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. देणाऱ्याचा खर्च दोन्ही वेळा एका दुपारचाच होता. दुसरे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. जून १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे राजकन्या डायना यांच्या ७९ पोशाखांच्या लिलावातून कर्करोग आणि एड्ससंबंधी काम करणाऱ्या संस्थांसाठी ३२ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. तेथे कापडाला भाव नव्हता. ते कोणी वापरले, कोठे वापरले आणि आता कोणत्या कामासाठी सोडून दिले, याला होता.

एवढी मोठी नावे कोणाच्याच हाताशी नसतात, पण तत्त्व तेच ठेवता येते. संस्थेच्या शाळेतील मुलांनी मिळून केलेली गोधडी, एखाद्या कारागिराच्या कार्यशाळेत दिवसभर काम शिकण्याची संधी, नाट्यगृहाच्या पडद्यामागे एक संध्याकाळ, या गोष्टी महागड्या मिक्सरपेक्षा अधिक पैसे आणतात, कारण त्यांच्याशी ताडून पाहायला दुसरी वस्तू नसते.

७. प्रेमाने दिलेली पण विकली न जाणारी वस्तू नाकारता येते का?

येते, आणि नाकारावी. वापरलेली विजेची उपकरणे, मुदत संपत आलेल्या सवलतपत्रिका, भिंतभर आकाराची चित्रे आणि कोणाच्याही घरात न मावणारे फर्निचर कमी बोलीला गेले की देणाऱ्याचाच चारचौघांत अपमान होतो. "यंदाच्या सूचीत तिला साजेसा संच जुळत नाही, परंतु आपण कार्यक्रमाला अवश्य यावे," असे आभारपत्र लगेच पाठवावे. वस्तू ठेवून घेऊन गप्प बसणे ही सर्वांत वाईट तऱ्हा.

८. सुरुवातीची बोली आणि वाढीचा टप्पा कसा ठरवावा?

वस्तूचा बाजारभाव १०० धरला, तर मूक लिलावात सुरुवात ३० ते ५० च्या दरम्यान करावी आणि टप्पा १० च्या आसपास ठेवावा. सुरुवात ४० ला आणि टप्पा १० असेल, तर सहा वाढींत बोली बाजारभावापर्यंत पोहोचते. म्हणजे पत्रकावर सात ओळी भरतात, आणि भरलेले पत्रक पाहूनच पुढचा माणूस थबकून वाचतो. टप्पा फार लहान ठेवला तर पत्रक भरते, रक्कम मात्र हलत नाही. पत्रकावर बोलींचे आकडे आधीच छापून ठेवावेत आणि पाहुण्याने फक्त आपला क्रमांक लिहावा, म्हणजे खाडाखोड व भलतेच आकडे दोन्ही टळतात. प्रत्येक पत्रकाला पेन दोरीने बांधावे. हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, परंतु रात्री नऊनंतर सुट्या पेनांपैकी निम्मी पाहुण्यांच्या खिशांत असतात आणि पत्रके ओस पडतात, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आवाजी लिलावात पुकारणाऱ्याला टप्पा बदलण्याची मोकळीक असावी. चढाओढ जोरात असताना मोठे टप्पे घ्यावेत, ती मंदावली की लहान. ज्या किमतीखाली वस्तू विकायचीच नाही, ती राखीव किंमत शक्यतो ठेवू नये. तिची खरी गरज कोठे पडते, ते पुढील प्रश्नात आहे.

९. "वस्तू आम्ही देतो, विकली गेली तरच आमचे पैसे द्या," असे सांगणाऱ्या कंपन्यांकडून वस्तू घ्याव्यात का?

अगदी मोजक्या, आणि हिशेब करूनच. सहली आणि मान्यवरांच्या सह्यांच्या वस्तू अशा अटींवर सर्रास मिळतात. तोटा होणार नाही असे दिसते, पण कंपनीला ठरलेली रक्कम दिल्यावर उरेल तेवढेच संस्थेचे. कंपनीची रक्कम ७० असेल आणि बोली ८० ला थांबली, तर बोली लावणाऱ्याच्या ८० पैकी १० च संस्थेला मिळतात, आणि त्याचा त्या संध्याकाळचा हात मात्र रिकामा होतो. येथे राखीव किंमत अनिवार्य आहे. सह्यांच्या बाबतीत खरेपणाचा लेखी पुरावा मागावा, आणि वस्तू दानातून आलेली नाही हे सूचीत स्पष्ट लिहावे.

१०. लिलाव पुकारायला व्यावसायिक माणूस घ्यावा की लोकप्रिय निवेदक?

निवेदक लोकांना हसवतो, पण बोली कोठून येईल हे ओळखणे वेगळे कौशल्य आहे. व्यावसायिक माणूस मिळत नसेल, तर संस्थेतील अशी व्यक्ती निवडावी जिला पैसे मागताना संकोच वाटत नाही आणि जिचा आकड्यांवर ताबा आहे. सोबत सभागृहात हात टिपणारे तीन-चार स्वयंसेवक आणि शेजारी एक लेखनिक हवाच.

मराठीत पुकारताना दोन धोके असतात. पहिला क्रमांकांचा : एका कार्यक्रमात पुकारणाऱ्याने "एकोणसत्तर" म्हटले, लेखनिकाने "एकोणसाठ" ऐकले, आणि संध्याकाळभर एकदाही हात वर न केलेल्या गृहस्थांच्या हाती मोठी पावती पडली. बोलीदाराने वर धरायच्या पाटीवरचा क्रमांक "सहा-नऊ" असा अंकाअंकाने उच्चारावा, आणि जिंकणाऱ्याने पाटी वर धरल्याशिवाय लेखनिकाने काही लिहू नये. दुसरा धोका "दीड", "अडीच", "पावणेतीन" यांचा. अडीच म्हणजे अडीचशे की अडीच हजार, हे पुकारणाऱ्याला ठाऊक असते, मागच्या रांगेला नसते. रक्कम पूर्ण बोलावी.

११. वस्तूंचा क्रम कसा लावावा?

सर्वांत मोठी वस्तू शेवटी ठेवण्याचा मोह आवरावा, कारण तोवर निम्मी माणसे निघालेली असतात. पहिली वस्तू मध्यम किमतीची आणि अनेकांना हवीशी असावी, म्हणजे हात मोकळे होतात. सर्वांत मोठी वस्तू मध्याच्या थोडी पुढे घ्यावी. एकाच प्रकारच्या दोन वस्तू लागोपाठ नकोत. तसेच एकाच व्यक्तीला घ्यावीशी वाटेल अशा दोन मोठ्या वस्तूंमध्ये अंतर असावे, कारण पहिली हुकलेला माणूस दुसरीसाठी पेटून उठतो.

१२. वस्तू न विकता नुसती देणगी मागण्याची वेळ लिलावात ठेवतात, ती काय असते?

हाच थेट देणगीचा पुकारा. पुकारणारा एखादी नेमकी गरज सांगतो, उदाहरणार्थ रुग्णवाहिकेची दुरुस्ती किंवा वसतिगृहाची पाण्याची टाकी, आणि रकमा वरून खाली पुकारत येतो. सर्वांत मोठी रक्कम देणाऱ्यांच्या पाट्या प्रथम वर होतात, मग त्याखालची, असे करत अखेर सर्वांना झेपेल त्या रकमेपर्यंत. येथे कोणी हरत नाही, बाजारभावाची अडकाठी नाही आणि वस्तूही जमवाव्या लागत नाहीत. अनेक संस्थांच्या संध्याकाळी सर्वांत मोठी रक्कम याच दहा मिनिटांत येते.

दोन पथ्ये पाळावीत. वरच्या एक-दोन रकमांसाठी आधीच कोणाशी तरी बोलून ठेवावे; पहिल्याच रकमेला शांतता पसरली तर पुढचा पुकारा पडतो. आणि ही वेळ लिलावाच्या अगदी शेवटी न ठेवता मोठ्या वस्तूच्या पाठोपाठ ठेवावी, म्हणजे त्या वस्तूवर हरलेल्या माणसाच्या मनात बाजूला काढून ठेवलेली रक्कम अजून ताजी असते.

१३. मूक लिलाव बंद करण्याच्या क्षणी गोंधळ होतो. तो कसा टाळावा?

सर्व टेबले एकदम बंद करू नयेत. विभाग पाडून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने बंद करावेत, प्रत्येक वेळी दहा, पाच आणि एक मिनिट आधी सूचना द्यावी, आणि वेळ होताच स्वयंसेवकाने शेवटच्या क्रमांकाखाली रेघ ओढून पत्रक उचलावे. ऑनलाइन लिलावात शेवटच्या सेकंदाला बोली टाकून वस्तू पळवण्याची सवय असते. तेथे अखेरच्या दोन-तीन मिनिटांत बोली आल्यास वेळ आपोआप तेवढीच वाढेल, असा नियम आधीच जाहीर करावा.

१४. पैसे त्याच रात्री घ्यावेत की नंतर?

त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी उत्साह ओसरतो आणि महिन्याभराने आठवणीचे फोन करावे लागतात. नोंदणीच्या वेळीच पैसे देण्याची पद्धत विचारून ठेवावी, आणि पैसे घेण्याची जागा व वस्तू देण्याची जागा वेगवेगळी असावी.

१५. लिलावात दिलेल्या संपूर्ण रकमेची देणगीची पावती मिळते का?

सहसा नाही. अनेक देशांच्या करव्यवस्थेत बाजारभावाहून जितकी जास्त रक्कम दिली, तितकीच देणगी समजली जाते. १०० बाजारभावाची वस्तू १३० ला घेतली तर देणगी ३०. ८० ला घेतली तर काहीच नाही. थेट देणगीच्या पुकाऱ्यात (प्रश्न १२) बदल्यात काही मिळत नसल्याने तेथे संपूर्ण रक्कम देणगी ठरते. म्हणून प्रत्येक वस्तूचा प्रामाणिक बाजारभाव सूचीत छापावा. तिकिटे विकून सोडत काढण्याचा विचार असेल, तर बऱ्याच ठिकाणी ती जुगारविषयक कायद्याखाली येते आणि वेगळा परवाना लागतो. ही चौकशी जाहिरातीआधी करावी, आणि कर सल्लागाराला सूचीचा मसुदाही दाखवावा.

१६. वस्तू देणारा किंवा समितीचा सदस्य स्वतः बोली लावू शकतो का?

वस्तू घेण्याच्या खऱ्या इराद्याने समितीचा सदस्य बोली लावू शकतो. तसे नियमांत लिहावे. बोली फुगवण्यासाठी लावलेली खोटी बोली मात्र फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. वस्तू देणाऱ्याने स्वतःच्या वस्तूवर बोली लावू नये. बंद लिफाफ्यातील किंवा गुप्त कमाल बोली (बोलीदाराने आधीच खासगीत कळवलेली जास्तीत जास्त रक्कम) ज्यांना आधीच माहीत आहेत, त्यांनी त्या वस्तूपासून दूर राहावे.

१७. जिंकलेल्या माणसाने माघार घेतली तर?

प्रथम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्या शेवटच्या बोलीला वस्तू देऊ करावी. याच कारणासाठी लेखनिकाने हरलेल्या शेवटच्या बोलीचा क्रमांकही टिपून ठेवावा. कायद्याने रक्कम वसूल करता येत असली, तरी त्यातून पाठीराखा कायमचा दुरावतो. दोघांनी एकाच वेळी हात वर केल्याचा वाद असेल, तर हातोडा पडून वस्तू विकल्याचे जाहीर झाले असले तरी त्याच रकमेपासून फक्त त्या दोघांत पुन्हा पुकारावे. पुकारणाऱ्याचा निर्णय अंतिम, हे वाक्य सूचीत असल्याशिवाय यांतले काहीच निभत नाही.

१८. दोघे अटीतटीने बोली चढवत असतील, तर दोघांनाही वस्तू देता येते का?

वस्तू पुन्हा देता येण्याजोगी असेल, म्हणजे कार्यशाळेतील दिवस किंवा घरातील मुक्काम, आणि देणाऱ्याने तशी आधीच संमती दिली असेल, तर अवश्य. चढाओढ थांबल्यावर पुकारणाऱ्याने दोघांनाही शेवटच्या रकमेला ती देऊ करावी. मात्र "आणखी एक आहे" हे बोली चालू असताना फुटता कामा नये, नाहीतर दुसरा हात लगेच खाली जातो. एकमेव वस्तूंना हे लागू नाही.

१९. हिशेब किती उघड करावा?

एकूण जमा, खर्च, निव्वळ रक्कम आणि ती कशासाठी वापरली, एवढे तरी. मोनॅकोतून चालणाऱ्या 'ओन्ली वॉच' या घड्याळांच्या धर्मादाय लिलावात २०१९ साली एकच घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेले होते. तरीही निधीच्या पारदर्शकतेविषयी जाहीर प्रश्न उपस्थित झाल्यावर २०२३ चा लिलाव पुढे ढकलला गेला आणि तो मे २०२४ मध्ये झाला. एवढ्या नावाजलेल्या उपक्रमालाही जे चुकले नाही, ते लहान संस्थेला चुकेल असे धरून चालू नये. महिन्याभरात हिशेबाचे पत्र प्रत्येक देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि रिकाम्या हाताने परतलेल्यालाही जावे.

२०. एकाच घरातील दोघे नकळत एकमेकांविरुद्ध बोली लावत असतील, तर पुकारणाऱ्याने काय करावे?

हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण दरवर्षी येतो. एकदा सभागृहाच्या दोन टोकांना बसलेल्या पतीपत्नींनी एका चित्रासाठी पाच वेळा एकमेकांवर मात केली, आणि तोवर तिसरे कोणी शर्यतीत उरलेच नव्हते. लक्षात येताच पुकारणाऱ्याने थांबावे, हसून दोघांची ओळख करून द्यावी आणि दोघांपैकी एकाने घरातल्या दुसऱ्यावर चढवलेली बोली मागे घेऊन, बाहेरच्या शेवटच्या बोलीच्या पुढच्या टप्प्याला वस्तू द्यावी. हे टाळण्याचा उपाय नोंदणीच्या टेबलावरच आहे : एका कुटुंबाला एकच क्रमांक द्यावा, पाट्या हव्या तर दोन. त्या दांपत्याने चित्र पुढच्या टप्प्याला न घेता आपल्याच शेवटच्या रकमेला घेतले, तो त्यांचा मोठेपणा. त्यावर हिशेब आखू नये.